दहा वर्षं पुरणारं खेळणं

खेळण्यांच्या दुकानात खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते खेळणं काय काय करतं याबद्दल. दिवे लागतात, गाणी वाजतात, आकडे म्हणून दाखवतं, टाळी वाजवली की वळतं. भाच्यासाठी किंवा नातीसाठी भेट शोधायला गेलेला माणूस ही यादी वाचतो आणि यादी जितकी लांब तितकं खेळणं चांगलं असं धरून चालतो. मला हा हिशेब उलटा मांडावासा वाटतो. खेळणं स्वतः जितकं कमी करेल, तितकं मुलाला करायला उरतं. टिकण्याचा अर्थही नुसतं न मोडणं एवढाच घेऊ नये. धडधाकट असूनही चौथ्या दिवसापासून कपाटावर धूळ खात पडलेलं खेळणं त्या मुलापुरतं संपलेलंच असतं.

या कसोटीला दोन प्रकारची खेळणी पुरून उरतात. एक रचायची, म्हणजे ठोकळे, विटा, पट्ट्या आणि नटबोल्ट. दुसरी लुटुपुटूच्या संसाराची: भातुकली, बाहुली, दुकान, डॉक्टरची पेटी. दुकानात ही वेगवेगळ्या फडताळांवर ठेवलेली असली तरी मुलांच्या खेळात ती वेगळी राहत नाहीत. याचा उत्तम पुरावा महाराष्ट्रात दर दिवाळीला अंगणात आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यात उभा राहतो. किल्ला करताना आधी विटा-दगडांचा डोंगर रचायचा, त्यावर गोणपाट टाकायचं, चिखल लिंपायचा, बुरूज आणि पायऱ्या काढायच्या, अळीव पेरून हिरवळ आणायची. इथवर बांधकाम झालं. मग मावळे येतात, तोफा येतात, बाजारपेठ भरते, पायथ्याच्या विहिरीवर बायका पाण्याला जातात, रात्री गस्त सुरू होते. बांधून झालं म्हणजे खेळ संपला असं तिथे होत नाही. उलट बांधून झालेल्या जागेत गोष्ट राहायला येते. भेट निवडताना हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवावा.

रचायच्या खेळण्यांत मी साध्या लाकडी ठोकळ्यांना पहिला मान देईन. हॅरिएट जॉन्सन या न्यूयॉर्कमध्ये बालवाडी चालवणाऱ्या बाईंनी १९३३ साली ठोकळ्यांच्या खेळावर एक छोटं पुस्तक लिहिलं. मुलं ठोकळ्यांचं काय करतात हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहून टिपून ठेवलं होतं, आणि आजही कुठल्याही घरात बसून पाहिलं तर तोच क्रम दिसतो. सुरुवातीला मूल काहीच रचत नाही. ते ठोकळे नुसते वाहतं. बादलीत भरायचे, दुसऱ्या खोलीत नेऊन ओतायचे, परत भरायचे. मोठ्यांना वाटतं, याला अजून खेळता येत नाही. खरं तर वजन, आकार, किती मावतात आणि किती हातातून निसटतात याचा तो अभ्यास असतो. मग ओळी लागतात, मनोरे चढतात. त्यानंतर पूल येतो, आणि तिथे मात्र जवळ बसून पाहावं.

दोन ठोकळे अंतर सोडून उभे केलेले असतात आणि तिसरा त्यांच्यावर आडवा टाकायचा असतो. पहिल्यांदा तो फटीत पडतो. मूल तोच ठोकळा पुन्हा ठेवतं, पुन्हा पडतो. मग एखाद्या वेळी चुकून धक्का लागून एक खांब आत सरकतो आणि आडवा ठोकळा टेकतो. मूल थांबतं, खाली वाकून पुलाखालून पाहतं, मग सगळं पाडून पुन्हा तसंच करून बघतं. काही दिवसांनी त्याला दुसरी वाट सापडते: खांब न हलवता लांब ठोकळा शोधून आणायचा. अंतर कमी करणं आणि लांबी वाढवणं या दोन्हींनी एकच काम होतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपण मध्ये हात घालून खांब जवळ सरकवून दिला तर पूल लगेच होतो, पण हा शोध त्याच्या हातून जातो.

पुलानंतर मूल जागा चारी बाजूंनी बंद करायला लागतं, मग दोन्हीकडे सारखी नक्षी साधतं, मग रचलेल्या गोष्टीला नाव देतं. सुरुवातीला नाव नंतर सुचतं. आधी काहीतरी होतं आणि मग ते गोठा ठरतं. चार-पाच वर्षांच्या सुमाराला क्रम उलटतो: आधी ठरतं की आज एसटी स्टँड करायचा, आणि मग त्याप्रमाणे फलाट, चौकशीची खिडकी, कँटीन उभं राहतं. एकच संच दीड वर्षाच्या मुलाला बादलीत भरायला आणि आठ वर्षांच्या मुलीला गोट्यांची घसरण बांधायला चालतो. इतका लांब पल्ला असलेलं दुसरं खेळणं मला माहीत नाही.

मात्र ठोकळे मापात हवेत. कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा सुरू केली आणि तिथल्या मुलांसाठी ठोकळ्यांचं एक माप बसवलं, ते आज जगभरच्या बालवाड्यांत चालतं. जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर साधारण ३.५ जाड, ७ रुंद आणि १४ लांब. याचा अर्धा ठोकळा ७ लांबीचा, दुप्पट २८ चा, चौपट ५६ चा. सगळे एकमेकांत बसतात. दोन अर्धे मिळून एक होतो, दोन ठोकळे एकावर एक आडवे ठेवले की त्यांची उंची एका ठोकळ्याच्या रुंदीइतकी भरते. शाळेत अपूर्णांक येण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या हातांना ते कळलेले असतात.

हे माप आवर्जून दिलं, कारण असा संच कुठल्याही सुताराकडून करून घेता येतो. फर्निचरच्या कामातून उरलेले सागाचे किंवा शिसवीचे वाळलेले तुकडे त्याच्याकडे पडलेलेच असतात. त्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. एक, माप काटेकोर हवं. एका ठोकळ्यात मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण दहा ठोकळ्यांच्या मनोऱ्यात तो साठत जातो आणि मनोरा कलतो. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दोन, रंधा मारून झाल्यावर कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने घासून बोथट करायचे. रंग, वॉर्निश काही नको, कोरं लाकूड पुरे. प्लायवूड किंवा दाबलेल्या भुशाचे तुकडे घेऊ नयेत. त्यांच्या कडा सुटतात आणि त्यांत डिंकाचा भाग बराच असतो. संख्येत हात आखडू नये. वीस ठोकळ्यांत एक मनोरा होतो आणि खेळ तिथेच अडतो. चाळीस-पन्नासांत घर होतं, शंभरांत गाव. एकदम शंभर परवडत नसतील तर यंदा चाळीस, पुढच्या वाढदिवसाला तीस. दर वर्षी नवं खेळणं देण्यापेक्षा जुन्यात भर घालणारी भेट मुलाला जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यासोबत आधीचीही पुन्हा नवी होते.

प्लॅस्टिकच्या विटांच्या लोकप्रियतेमागे हेच तत्त्व आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीने आतून नळ्या असलेल्या विटेचा पेटंट-अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी केला. त्या साली निघालेली वीट आजच्या विटेत चपखल बसते. आजोबांच्या विटा नातवाला चालतात. १९६९ साली आलेल्या लहान मुलांच्या ड्युप्लो विटा लांबी, रुंदी, उंचीला दुप्पट असूनही मोठ्यांच्या विटांशी जुळतात. आठ बोंडांच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतात, याचा आकडा बरीच वर्षं १०,२९,८१,५०० असा सांगितला जात होता. कोपनहेगन विद्यापीठातल्या सोरेन आयलर्स या गणितज्ञाने दाखवून दिलं की त्यात फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते; सगळ्या रचना धरल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ होतात. फक्त सहा विटांत!

म्हणूनच लेगो किंवा तत्सम संच घेताना सिनेमातलं यान किंवा शर्यतीची गाडी असं एकच चित्र असलेलं खोकं मी सहसा टाळते. ते पुस्तिकेप्रमाणे जोडण्यातही कौशल्य आहे आणि मुलं त्यात रमतात हे खरं. पण जोडून झालं की यान शोकेसमध्ये जातं, आणि ते मोडायला मुलंच कचरतात. त्याच पैशांत साध्या चौकोनी विटांची पेटी मिळते. खिडक्या, चाकं आणि तळाला ठेवायची एक मोठी पाटी एवढं तिच्यात असलं की पुरतं. स्वस्तातल्या विटा घ्यायच्या तर दुकानातच चार जोडून उलट्या धराव्यात आणि हलवाव्यात. गळून पडल्या तर नकोत. मुलाच्या बोटांनी सुटणार नाहीत इतक्या घट्ट असतील तरी नकोत. आणि घरात आधीचा संच असेल तर तो कुठला ते मुलाच्या आईबाबांना आधी विचारावं. एकमेकांत न बसणाऱ्या तीन प्रकारच्या विटा घरात आल्या की तिन्ही निरुपयोगी होतात.

थोड्या मोठ्या मुलांसाठी पट्ट्या आणि नटबोल्टचा संच. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि मेकॅनो या नावाने तो आपल्याकडच्या कित्येक इंजिनिअरांच्या बालपणात होता. याहून स्वस्त सोय अरविंद गुप्तांनी दाखवली आहे. आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतल्या कामामुळे पुण्यातल्या शाळांना ते चांगले ठाऊक आहेत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे सांध्याला आणि काडेपेटीतल्या काड्या पट्ट्यांसारख्या, बस. गूल खरवडून काढलेल्या चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यात दाबा. तो लगेच तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोनात एक काडी तिरपी टाकली की तोही ताठ होतो. रेल्वेच्या लोखंडी पुलावर त्या तिरप्या पट्ट्या का असतात, हे त्या क्षणी मुलाला कळतं. व्हॉल्व्ह ट्यूबची गुंडाळी, काड्या आणि मुलासोबत घालवायची एक दुपार, हीही देण्याजोगी भेट आहे.

आता लुटुपुटूच्या खेळाकडे. दीड वर्षाचं मूल रिकामा पेला तोंडाला लावून प्यायल्यासारखं करतं आणि आपल्याकडे बघून हसतं, तिथून याची सुरुवात होते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्कीने १९३३ सालच्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. डोळ्यांना काठी दिसत असताना मूल तिला घोडा मानून वागतं, म्हणजे वस्तू आणि तिचा अर्थ ते वेगळा करू लागलेलं असतं. पुढे अक्षर आणि आकडा शिकायला हीच क्षमता लागते. पण विगोत्स्कीने हेही सांगितलं की कुठल्याही वस्तूचं काहीही होत नाही. पोस्टकार्डाचा घोडा करता येत नाही. काठीवर निदान टांग टाकून दौडता येतं.

भेट निवडायला ही गोष्ट फार उपयोगी आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला खऱ्यासारखी दिसणारी वस्तू लागते: खरी छोटी वाटी, खरा चमचा, थोपटता येईल अशी बाहुली. तीन-चारनंतर हुबेहूबपणाची गरज कमी होत जाते. ठोकळ्याचा फोन होतो, ओढणीची नदी होते, उलट्या टोपलीचा बंब होतो. या वयात फारच हुबेहूब खेळणं अडचणीचं ठरतं. नाण्यांचा आवाज काढणारं, पावती छापणारं दुकानाचं यंत्र फक्त दुकानातच चालतं. तराजू, चार डबे आणि एक पिशवी यांचं मात्र आज किराणा दुकान, उद्या भाजीमंडई आणि परवा औषधांचं दुकान होतं. अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या खेळांच्या संग्रहालयाने सर्वकालीन खेळण्यांच्या मानाच्या यादीत २००५ साली पुठ्ठ्याचं खोकं आणि २००८ साली काठी घेतली, ती याच समजुतीने.

भातुकली हा तर आपला या प्रकारातला खजिनाच आहे. जुन्या घरांत पितळेच्या भातुकलीचा डबा असायचा. चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणं, पाटा-वरवंटा, जातं, उखळ-मुसळ, घंगाळ, कळशी, झारा, विळी, सूप. मोठ्यांच्या स्वयंपाकघरातलं सगळं मुठीत मावेल इतक्या आकारात, आणि बरंचसं खरोखर चालणारं. जातं फिरतं, सुपात पाखडता येतं. आईच्या भातुकलीने लेक खेळते आणि मग तिची लेक, हे अजूनही कित्येक घरांत चालू आहे. आता तीन वर्षांखालच्या मुलांना, म्हणजे वस्तू तोंडात घालायच्या वयात, स्टीलची भातुकली द्यावी; पितळेत थोडं शिसं असू शकतं. आणि ती भाच्यालाही द्यावी. घरात बाबा पोळ्या लाटताना दिसत असतील तर मुलगा आपणहून लाटणं उचलतो. त्याच्या हातातून ते काढून घेणारी मोठी माणसंच असतात.

हा खेळ भाषेसाठी काय करतो, ते दाराआडून ऐकावं. “मी डॉक्टर होते हं, आणि तुझ्या बाळाला ताप आला होता, आणि तू रिक्षाने आली होतीस.” खेळ सुरू होण्याआधी पाच-दहा मिनिटं हा करारच चालतो. कोण कोण, कुठे, काय झालं आणि पुढे काय होणार. मग मध्येच कुणीतरी अट मोडतं, भांडण होतं, नवा करार होतो. एवढ्या सविस्तर वाटाघाटी मुलं दुसऱ्या कुठल्या प्रसंगी करत असतील असं मला वाटत नाही.

बोलणारी खेळणी नेमकी इथेच आड येतात. अमेरिकेत नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाच्या एका अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे आईबाबा घरी खेळत असताना त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं गेलं. एकदा बॅटरीवर बोलणारी खेळणी, एकदा ठोकळे आणि लाकडी कोडी, एकदा चित्रांची पुस्तकं. बोलणाऱ्या खेळण्यांसोबत आईबाबा कमी बोलले आणि बाळांचे आवाजही पुस्तकांच्या वेळेपेक्षा कमी निघाले. सर्वांत जास्त बोलणं पुस्तकांसोबत झालं. नमुना लहान आहे, पण कारण कळण्यासारखं आहे. खेळणं बोलत असताना माणूस गप्प बसतो.

लाकडी खेळणी म्हटली की आपल्याला सावंतवाडी आठवते आणि आठवायलाच हवी. तिथल्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळं-भाज्यांची टोपली दुकान-दुकान खेळायला फार सुंदर. एवढंच की शोभेच्या वस्तू आणि खेळायच्या वस्तू तिथे शेजारी मांडलेल्या असतात, तेव्हा मूल तोंडात घालणार असेल तर रंग कुठला आहे ते कारागिराला सरळ विचारावं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंगवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, म्हणून तिचे पोपडे सहसा निघत नाहीत. वर्षाच्या बाळाला काही द्यायचं असेल तर घरातला जुना पांगुळगाडा दुरुस्त करून द्यावा. चाकं घट्ट केली, कडा घासल्या की तो आणखी एका पिढीला चालतो.

सुरक्षिततेबाबत थोडं, पण नीट लक्षात ठेवण्यासारखं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे हातच्या खेळण्यावर ते चिन्ह नसणं हा दोष मानू नये. तिथे आपणच पारख करायची: कुसळं नाहीत ना, खिळा वर आला नाही ना, नखाने रंग निघत नाही ना. तीन वर्षांखालच्या मुलाला सव्वातीन सेंटिमीटर व्यासाच्या छिद्रातून आत जाईल असा कुठलाही सुटा भाग देऊ नये. तो घशात अडकू शकतो. लोहचुंबकाच्या फरशा जोडून घरं बांधायचे संच हल्ली फार खपतात. खेळ चांगला आहे, पण फरशीची कड तडकून आतले चुंबक बाहेर आले आणि मुलाने दोन गिळले, तर आतड्याचे वेढे मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तडकलेली फरशी त्याच दिवशी टाकून द्यावी. तसंच बटणाएवढ्या सेलचं. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर इजा करतो. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं परत ठेवून द्यावं.

एवढं चांगलं खेळणं नेलं आणि ते आधीच्या पन्नास खेळण्यांच्या ढिगात पडलं, तर त्याचं चीज होत नाही. टोलेडो विद्यापीठातल्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली. चार असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून निम्मी खेळणी माळ्यावर टाकावीत आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल करावी. ठोकळे मात्र कधीच माळ्यावर जाऊ नयेत. ते झाकण नसलेल्या टोपलीत, मुलाच्या हाताला येतील असे, जमिनीवर असावेत. आणि शक्य असेल तिथे रचलेलं गाव रात्रभर तसंच राहू द्यावं, केर एक दिवस बाजूबाजूने काढावा. रोज संध्याकाळी आवरून ठेवायचं असेल तर मूल तासाभरात होईल एवढंच रचतं.

आत्या, मामा, आजी यांनी आपसांत एक फोन केला तर बरंच साधतं. एकीने ठोकळे द्यावेत, दुसऱ्याने त्यांच्याच मापाची लाकडी माणसं आणि जनावरं, तिसरीने भातुकली आणि जुन्या साड्यांचे दोन मोठे तुकडे. मग खोकं उघडल्यावर निघायची घाई करू नये. जमिनीवर बसावं, कसं खेळायचं ते दाखवू नये, आणि मूल जी भूमिका देईल ती घ्यावी. गिऱ्हाईक व्हायला सांगितलं तर व्हावं, वांगी किडकी आहेत म्हणावं, भाव करावा, सुटे नाहीत म्हणून उधारी मागावी. मूल काय उत्तर देतं ते ऐकावं आणि उद्या पैसे आणून देतो असं कबूल करावं.